गायरानातलं टपाल

गायरानात कुणालाच पत्ता नव्हता, आणि ओवी गायधनीच्या डोक्याला ताप झाला तो त्यामुळेच.

गायरान हा एक खेळ होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लहानशा कंपनीने तो काढला आणि बघता बघता देशभरातले लाखो लोक त्यात जाऊन राहायला लागले. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, हातांत दोन मुठी धरायच्या, की समोर न संपणारं मोकळं रान. डोंगर, नद्या, झाडं आणि माती. मालक कुणी नाही, सातबारा नाही. वाटेल तिथे खणा, वाटेल ते बांधा, कंटाळा आला की मोडा आणि दुसऱ्या डोंगरामागे जा. तिथे जिंकणं नव्हतं आणि हरणंही नव्हतं. कुणी एकट्याने किल्ला बांधत बसे, तर कुठे पाच-पन्नास जण मिळून अख्खं गाव वसवत. शेजारचा माणूस खऱ्या जगात कोण आहे हे कुणी विचारत नसे. नावं घटकेत बदलता येत आणि लोक ती कपड्यांसारखी बदलत.

या रानाचे नियम ओवी लिहायची. पाणी कुठून कुठे वाहील, कापलेलं झाड परत कधी उगवेल, हे सगळं तिच्याकडे. कंपनीचा मालक कैवल्य बोरस्ते तिचा कॉलेजातला मित्र. एके दिवशी तो चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"लोकांची एकच तक्रार आहे," तो म्हणाला. "माणसं हरवतात. कुणाबरोबर तरी महिनाभर पूल बांधायचा, आणि एका सकाळी तो नाव बदलून निघून जातो. मग कुठे शोधायचा? आपण टपाल सुरू करू."

"निरोप पाठवायची सोय आहे की."

"ती नाव माहीत असेल तर. आणि तो निरोप डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो. मला चालत जाणारा पोस्टमन हवाय, ओवी. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. पत्र पोचायला वेळ लागला पाहिजे. वाट बघायची सवयच गेलीय आपली."

"आणि पत्त्याचं काय? रोज गावं मोडतात तिथे."

"ते तू बघ," असं म्हणून तो गेला.

ओवीने ते बघितलं. तिला नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीतले पोस्टमन देशपांडे काका आठवले. लांबून पाठमोरा दिसणारा माणूस कोण, हे ते नुसत्या चालीवरून सांगत. पत्ता नसेल तर माणूसच ओळखायचा, असं तिने ठरवलं.

यातलं शास्त्र तसं जुनंच होतं. कीबोर्डवरच्या कळा दाबण्याच्या लयीवरून माणूस ओळखता येतो, हे संगणकवाल्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. गायरानात तर माणसाचे दोन्ही हात आणि मान सतत मोजली जात होती. वळण्याआधी तो किती थबकतो, वीट ठेवताना मनगट कुठे झुकतं, उडी मारण्याआधी खाली बघतो की नाही, भिंत उजवीकडून सुरू करतो की डावीकडून. यातली एकेक सवय लाखो लोकांत सापडेल; पण अशा शेकडो सवयी एकत्र केल्या की जी आकड्यांची माळ तयार होते, ती एका माणसाची आणि फक्त त्याचीच असते. ओवी त्या माळेला 'ठसा' म्हणायची. नाव बदला, कपडे बदला, बाईचा पुरुष व्हा, ठसा बदलत नाही. कारण तो माणसाने ठरवून केलेलाच नसतो.

आता पत्र पाठवणाऱ्याने एवढंच सांगायचं होतं, 'माझ्याबरोबर काळ्या नदीवर पूल बांधणारा तो.' त्या भेटीची नोंद रानात असेच. पोस्टमन त्या माणसाचा ठसा घेऊन निघायचा. वाटेत दुसरे पोस्टमन भेटत, आपापल्या भागात कोण फिरतंय ते एकमेकांना सांगत, आणि पत्र हातोहात पुढे सरके. सगळे पोस्टमन एकाच सावकाश चालीने चालत. पत्र दाराशी ठेवलं की पोचपावती घेऊन त्याच वाटेने परत येत.

टपाल सुरू झालं आणि गायरान वेडं झालं. हरवलेले मित्र सापडले. शाळेत असताना खेळ सोडलेली आणि आता नोकरीला लागून परत आलेली मुलं एकमेकांना भेटली. लोक दारात बाकं टाकून पोस्टमनची वाट बघत बसायला लागले. कंपनीच्या जाहिरातीत एकच ओळ होती: 'तुमचं माणूस सापडेल.'

ओवीनेही एक पत्र टाकलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

तिचा थोरला भाऊ मल्हार घर सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. आई शेवटच्या दिवसांत यंत्रावर होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता ओढण्यात अर्थ नाही. अण्णा, म्हणजे वडील, ऐकायला तयार नव्हते. एका दुपारी ते अंघोळीला घरी आले असताना मल्हारने कागदावर सही केली. अण्णा परत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हा ते काही बोलले नाहीत. तेराव्या दिवशी, भरल्या पंगतीत, ते मल्हारकडे बघून म्हणाले, "हिला मारलं ते याने." मल्हार पानावरून उठला. नंतर त्याचा नंबर बदलला, नोकरी बदलली, आणि तो कुठल्या शहरात आहे हेही कुणाला कळेनासं झालं.

पण गायरानाची पहिली कच्ची आवृत्ती ओवीने घरीच तपासली होती, आणि तेव्हा मल्हार तिच्याबरोबर खेळायचा. त्याचा ठसा शिल्लक होता. तिने लिहिलं, 'दादा, तू आहेस का इथे?' आणि पोस्टमनच्या हातात दिलं.

दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. 'आहे. बरा आहे. पोस्टमन तू बनवलास ना? अगदी देशपांडे काकांसारखा पाय टाकतो. अण्णांना सांगू नकोस.'

ओवीने ते कंपनीच्या गच्चीवर उभं राहून वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ समोरच्या द्राक्षबागांकडे बघत राहिली.

अण्णा तिच्याकडेच राहात. एसटीच्या आगारात नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. कुठली गाडी सुटली, कुठली रखडली, हे ते न बघता आवाजावरून ओळखत, आणि घरातल्या माणसांचंही त्यांचं तसंच होतं.

"काय गं," जेवताना ते म्हणाले, "चार दिवस झाले, स्वयंपाक करताना गुणगुणतेस. काय आहे?"

"काही नाही."

"मल्हारचा पत्ता लागला का?"

ओवीचा घास हातातच राहिला. खोटं बोलायचं तिने ठरवलेलंही होतं, पण जमलं नाही. तिने सगळं सांगितलं. सांगू नकोस म्हणाला होता, हेही सांगितलं.

अण्णांनी ताटातली आमटी संपवली. मग म्हणाले, "मला लिहायचंय त्याला."

पुढच्या रविवारी तिने त्यांना चष्मा चढवून दिला आणि गायरानातल्या पोस्टात नेलं. अण्णांनी इकडेतिकडे मान वळवून बघितलं. खिडकीतल्या पोस्टमनने नमस्कार केला.

"किती वाजता सुटते रे तुझी गाडी?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तो चालत जातो. तुम्ही पत्र सांगा. तुम्ही बोलाल ते उमटेल."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला का, ते कळव."

"एवढंच?"

"एवढंच."

पोस्टमनने पत्र पिशवीत टाकलं आणि तो चालू लागला. टेकडीआड दिसेनासा होईपर्यंत अण्णा बघत होते.

त्यानंतरच्या बुधवारी ऑफिसात, सकाळचं काम सुरू असताना, ओवीला निरोप आला की पोस्टात कुणीतरी बाई येऊन बसली आहे आणि हलत नाही. ओवी चष्मा चढवून आत गेली. बाकावर मातकट साडी नेसलेली एक आकृती बसली होती. डोक्यावर नाव होतं: वाळवी.

"पोस्टाचं कोण बघतं इथे?"

"मी. बोला ना ताई."

"तुमच्या माणसाला सांगा, माझ्या दारात येऊ नको म्हणावं."

आवाज बदलायची सोय गायरानात होती. या बाईने ती वापरली नव्हती. आवाज खरा होता, दमलेला.

"पत्रं नको असतील तर न उघडता टाकून देता येतात," ओवी म्हणाली.

"पहिलं उघडलं होतं मी. त्यात एकच शब्द होता. 'सापडलीस.'"

"कोणाचं होतं?"

"नवऱ्याचं. आधी त्याच्याबरोबरच यायचे मी इथे खेळायला. लेकीला घेऊन मी निघून आले त्याच्यापासून. कुठून ते विचारू नका आणि कुठे तेही विचारू नका. इथे तीनदा नाव बदललं. डोंगर बदलला. तुमचा माणूस मात्र बरोबर येतो. माझी मैत्रीण म्हणते, अगं, तुझ्या हातावर काही लिहिलंय का?"

लिहिलेलंच होतं. ते वाचायला ओवीनेच शिकवलं होतं.

"पण पत्र आलं तरी त्यांना तुमचं ठिकाण कळत नाही," ती म्हणाली. "पावतीत ठिकाण नसतं. ते आम्ही मुद्दाम..."

"माझ्याबरोबर या," वाळवी म्हणाली. "चला, दाखवते."

गाव फार लांब नव्हतं. दहा-बारा घरं, मधोमध एक विहीर, आणि एका कडेला पाण्याची उंच टाकी. टाकी नुसती पाण्याची नव्हती. तिच्या अंगावर मोठी पिवळी सूर्यफुलं रंगवली होती, आणि एका फुलाच्या दोन पाकळ्या पोपडा पडून गेल्यासारख्या कोऱ्या होत्या.

"ही टाकी...?"

"आमच्या संस्थेच्या आवारातली. आम्ही सगळ्या एकाच ठिकाणी राहतो ना, शिवणकाम करतो. पोरींना हौस, हुबेहूब बांधली. पोपड्यासकट." वाळवीने मान वळवली. "आणि तो बघा."

समोरच्या टेकडीवर एक माणूस उभा होता. काही करत नव्हता. नुसता उभा होता.

"परवापासून आहे," ती म्हणाली. "येऊन काही बोलत नाही. नुसता बघतो."

हा इथवर कसा पोचला, ते ओवीला तिथे उभ्या उभ्या उमगलं. पोस्टमनची चाल कायम एकच. पत्र टाकल्यापासून पावती परत येईपर्यंतचा वेळ मोजला, तो निम्मा केला, की अंतर निघतं. एका गावातून पत्र टाकलं तर एवढंच कळेल की ती या गावापासून इतक्या अंतरावर कुठेतरी आहे. म्हणजे गावाभोवती एक वर्तुळ. दुसऱ्या गावातून टाका, दुसरं वर्तुळ. तिसऱ्यातून तिसरं. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील तिथे ती. शाळेतला कंपास पुरे होता. पत्र पोचायला वेळ लागला पाहिजे, या हौसेपायी त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी करून दिली होती.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तो माणूस वाळवीकडे बघतच नव्हता. तो टाकीकडे बघत होता. सूर्यफुलांची, पोपडे गेलेली टाकी. अशी टाकी खऱ्या जगात एकच असणार.

"तुम्ही काही दिवस खेळणं बंद का नाही करत?" ओवीने विचारलं, आणि विचारताक्षणीच तिला वाईट वाटलं.

"दिवसभर आम्ही मशीनवर असतो," वाळवी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "संध्याकाळी तासभर इथे. ते कोपऱ्यातलं घर माझंय. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या हाताने बांधलेलं. ते मी सोडू? तो नाही सोडणार आणि मी सोडू?"

ओवीने टेकडीवरच्या माणसाला तिथल्या तिथे खेळाबाहेर काढलं. तो दिसेनासा झाला. वाळवीने रिकाम्या टेकडीकडे बघितलं.

"उद्या दुसऱ्या कुणाला बसवेल," ती म्हणाली. "भाऊ आहेत त्याला. मित्र आहेत."

"तुमच्या संस्थेतल्या बाईंना आजच सांगा. आणि ही टाकी पाडा."

"ते करतोच. पण तुमचा माणूस?"

"त्याचं मी बघते," ओवी म्हणाली.

कैवल्य ऐकून घेणारा माणूस होता. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण त्या माणसाचा ठसाही आपल्याकडे आहे ना? कायमचा बंद करू त्याला. नाव बदलून आला तरी ओळखू."

"तो भावाला चष्मा देईल. किती जणांना बंद करशील? आणि ही एक बाई येऊन बोलली. ज्या बोलल्या नाहीत त्यांचं काय?"

"लाखो लोकांना त्यांची माणसं मिळालीत, ओवी. एका माणसापायी टपाल बंद करायचं?"

"बंद नाही करायचं. पोस्टमनने दार वाजवायचं. 'पत्र आहे, घेणार का?' म्हणून विचारायचं, पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं. नको म्हटलं की मुकाट्याने परत. परत येताना वाटेल तसं भटकायचं, म्हणजे वेळेवरून काही मोजता येणार नाही. आणि पाठवणाऱ्याला सांगायचं, 'पत्ता लागला नाही.'"

"म्हणजे खोटं बोलायचं."

"माणूस खरंच सापडला नाही तरी तेच सांगायचं. दोन्हींना एकच उत्तर. नाहीतर 'नको म्हणाली' म्हणजे 'ती आहे' हे त्याला कळलंच. आणि एकदा 'पत्ता लागला नाही' झालं की त्या माणसाला वर्षभर दुसरं पत्र नाही. नाहीतर तो रोज दार वाजवत बसेल."

कैवल्यने डोळ्यांवरून हात फिरवला. "आणि खरं काय झालं, याची नोंद आपल्याकडे राहील ना?"

"नाही. नोंद असली की उद्या कुणीतरी येऊन मागेल. पोलीस मागतील, वकील मागतील. मी मागेन."

मल्हारबद्दल तिने कैवल्यला मधल्या काळात सांगितलं होतं. त्याने आता तिच्याकडे नीट बघितलं. "तुझ्या वडिलांचं पत्र अजून वाटेतच आहे ना?"

"हो."

"मग त्याचं उत्तर येईपर्यंत तरी थांब. आठवडाभराने काय मोठं बिघडणारंय?"

ओवीच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. टाकी बघून परतल्यापासून तेच घोळत होतं. आधीच्या नियमाने पत्र मल्हारच्या दाराशी पडलं असतं. त्याला आवडो न आवडो, ते त्याच्यासमोर आलं असतं. कदाचित तो रागावला असता, पण त्याने वाचलं असतं. नव्या नियमाने पोस्टमन त्याला विचारणार होता: श्रीधर गायधनी यांचं पत्र आहे, घेणार का?

"टेकडीवर माणूस उभा राहिलाय, कैवल्य," ती म्हणाली. "आठवडा नाही आपल्याकडे."

त्याच दुपारी नवा नियम लागू झाला. रानातले सगळे पोस्टमन क्षणभर आपापल्या वाटेवर थांबले आणि परत चालायला लागले.

जाहिरातीतली ओळ काढावी लागली. लोक चिडले. पोस्ट बिघडलं, पोस्टमन आंधळे झाले, अशा तक्रारींचा पाऊस पडला. सूर्यफुलांची टाकी आधीच पाडली गेली होती. तिथे बायकांनी आता नुसता कट्टा बांधला. टेकडीवर परत कुणी दिसलं नाही. संस्थेने फाटकावर राखणीला माणूस ठेवला आणि त्या मायलेकींना काही दिवस दुसरीकडे हलवलं, एवढं वाळवीने एकदा येऊन सांगितलं. तिचं खरं नाव ओवीला शेवटपर्यंत कळलं नाही.

अण्णांचा पोस्टमन परत आला तेव्हा ते दोघं बरोबरच होते. अण्णा आता रोज जेवण झाल्यावर चष्मा लावून पोस्टाच्या बाकावर जाऊन बसत. पोस्टमनने पिशवीतून पत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांचंच होतं.

"पत्ता लागला नाही," पोस्टमन म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे? सापडला नाही, की नको म्हणाला?"

"दोन्हीला एकच उत्तर आहे, अण्णा."

"हे असं कुणी ठरवलं?"

"मी."

ओवीने त्यांना सगळं सांगितलं. बाई, टाकी, टेकडी. अण्णा खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"तुला आत जाऊन बघता येईल ना, काय झालं ते?"

"नाही येणार. मी ते ठेवलंच नाही."

"मग परत पाठव. सापडला नसेल तर सापडेल. नको म्हणाला असेल तर... दर वेळी नको म्हणेल का?"

"वर्षभर नाही पाठवता येणार."

"तुझाच नियम ना? मग एकदा बाजूला ठेव. मी काय त्या टेकडीवरच्या माणसासारखा आहे का?"

ओवी हळूच म्हणाली, "पोस्टमनला कसं कळणार अण्णा, दार वाजवणारा कोण आहे ते? आतल्यालाच माहीत असतं. त्याला वाटलं तर तो उघडेल."

अण्णा उठून आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण बोलले नाहीत. आठवडाभर घरात भांड्यांचे तेवढे आवाज होते. ओवीला मनात आलं असतं तर एका ओळीत तो नियम अण्णांपुरता काढता आला असता. दोनदा तिने ती ओळ उघडलीही. दोन्ही वेळा बंद केली. मल्हारला तिने स्वतःही दुसरं पत्र लिहिलं नाही. सांगू नकोस म्हणाला होता आणि तिने सांगितलं होतं; आता काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं.

मग हळूहळू घर नेहमीसारखं झालं. अण्णा चष्मा लावत राहिले. पोस्टाजवळच त्यांनी एक शेड बांधली, गाड्या उभ्या करतात तशी, आणि वाटसरू तिथे टेकायला लागले. कुणी कुठून आलं, कुठे निघालं, याची ते चौकशी करत. परत आलेलं पत्र हातात घेऊन बसलेल्या माणसांशी ते जास्त बोलत. काय बोलत ते ओवीने कधी ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी पत्र टाकायची मुभा झाली, त्या दिवशी तिला त्यांना आठवण करून द्यायची गरज पडली नाही. दुपारचा चहा झाल्यावर अण्णांनी चष्मा मागितला.

"चला, मी येते," ओवी म्हणाली. "तुम्ही बोला, उमटेल ते."

"नको. मी लिहितो. अक्षरं दाबून लिहायची सोय आहे ना? तू जा, तुझं काम कर."

ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. कामात लक्ष लागत नव्हतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. ऊन गॅलरीतून भिंतीवर चढलं, मग भिंतीवरूनही गेलं. बऱ्याच वेळाने अण्णांची हाक आली.

"ओवी! 'चुकलो'मधला चु पहिला की दुसरा?"

"पहिला," तिने तिथूनच सांगितलं, आणि तोंडावर हात दाबून धरला.

पत्र गेलं. आणखी त्यांनी काय लिहिलं होतं, ते तिने विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. पोस्टमन आता वाकड्यातिकड्या वाटेने येत असल्यामुळे कधी परतेल याचा अंदाज बांधायची सोय नव्हती. अण्णांनी बांधलाही नाही. ते आपले शेडमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत.

पोस्टमन आला तेव्हा त्यांच्याशेजारी ओवी उभी होती. त्याने पिशवीत हात घातला नाही. त्याचे हात रिकामेच होते.

"दिलं," तो म्हणाला.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "दिलं म्हणजे?"

"म्हणजे त्याने दार उघडलं, अण्णा," ओवी म्हणाली. "तुमचं नाव सांगितल्यावर हो म्हणाला. हातात घेतलं."

"उत्तर?"

"उत्तर नाही काही."

"वाचलं असेल का?"

"ते नाही कळत आपल्याला."

अण्णांनी सावकाश मान हलवली. मग पोस्टमनला म्हणाले, "लांबून आलास बाबा. बस इथे सावलीत."

पोस्टमनला बसायचं शिकवलेलं नव्हतं. तो उभाच राहिला. तेव्हा अण्णाच उठून त्याच्याशेजारी उभे राहिले.